‘लोकप्रिय’ आणि त्याचे सोयरे शब्द

विद्यार्थ्यांच्या निबंधवह्यांत ‘लोकप्रिय’ हा शब्द आम्हांला वारंवार भेटतो. नेता लोकप्रिय, गीत लोकप्रिय, फळ लोकप्रिय, पुस्तकही लोकप्रिय. शब्द शुद्ध आहे. परंतु सगळा भार एकट्यावर पडला की वस्तूवस्तूंतील भेद पुसला जातो. मराठीत या अर्थाच्या शब्दांचे मोठे गोत्र आहे आणि त्यांतील प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो. प्रस्तुत पाठात त्यांतील काही शब्द पारखून घेऊ.

प्रथम अगदी जवळचे शब्द पाहू. ‘प्रसिद्ध’ म्हणजे पुष्कळांना ठाऊक असलेला. तो आवडतोच असे नाही. ‘लोकप्रिय’ म्हणजे पुष्कळांना आवडणारा. ‘नावाजलेला’ या शब्दात गुणाची पारख येते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिला ‘नावाजलेली’ म्हटले की तिच्या गुणाची साक्ष आपोआप दिली जाते. ‘सर्वतोमुखी’ शब्द गीताला किंवा म्हणीला शोभतो, कारण त्यात मुखाचा उल्लेख आहे. ‘आबालवृद्धांना प्रिय’ म्हटले की वयाचा पल्ला कळतो. बोलीतही हे भेद आहेत: गाणे तोंडी बसते, नाव घरोघरी पोहोचते आणि माणसाला लोक डोक्यावर घेतात.

‘लोक’ या पदाने आरंभ होणारे शब्द आणखी बोधप्रद आहेत. ‘लोकमान्य’ ही उपाधी टिळकांच्या नावाशी कायमची जोडली गेली. तिचा अर्थ लोकांनी मान दिलेला. गोपाळ हरी देशमुखांनी मात्र ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव घेतले आणि 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली. त्यांत त्यांनी आपल्याच समाजाच्या जुन्या रूढींवर कठोर टीका केली. लोकांचे हित बोलणारा लोकांना प्रिय होईलच असे नाही, हा धडा त्या एका नावातच आहे. अण्णा भाऊ साठे ‘लोकशाहीर’ आणि वामनदादा कर्डक ‘लोककवी’ म्हणून ओळखले जातात. येथे ‘लोक’ म्हणजे केवळ श्रोते नव्हेत. शाहीर ज्यांच्यातून आला, ज्यांच्या भाषेत गायला आणि ज्यांच्यासाठी गायला, ते सर्व त्या पदात येतात.

‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ ही जोडीही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. तिचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. मध्य प्रदेशातील सांची येथील स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांचे शेकडो लहान लहान लेख कोरलेले आहेत. त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही दाने नोंदलेली आहेत. हे लेख प्राकृतात, म्हणजे लोकभाषेच्या जवळच्या भाषेत आहेत. दात्यांत गृहस्थ आहेत, स्त्रिया आहेत, भिक्खू आणि भिक्खुणी आहेत. अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले आणि त्यातून एवढी वास्तू सजली. अशा कार्याला ‘लोकप्रिय’ म्हणणे अपुरे पडेल. त्याला ‘लोकाश्रय’ लाभला असेच म्हणावे लागेल. आवड मनात राहते, आश्रयासाठी हात पुढे करावा लागतो.

या गोत्रात काही उणे शब्दही आहेत. ‘सवंग’ म्हणजे मुळात स्वस्त, ‘महाग’च्या उलट. पुढे त्याला ‘हलक्या दर्जाचे’ असा अर्थ चिकटला. ‘गल्लाभरू’ म्हणजे केवळ पैशासाठी रचलेले. ‘लोकानुनय’ म्हणजे लोकांना रुचेल तेवढेच बोलून त्यांना खूश ठेवणे. हे शब्द उपयोगी आहेत, पण जपून वापरावेत. ‘ग्राम्य’ म्हणजे मुळात गावाकडचा. तोच शब्द ‘असभ्य’ या अर्थाने रूढ झाला, तेव्हा गावच्या माणसाचाच अवमान झाला. कष्टकऱ्यांच्या तमाशाला आणि गाण्यांनाही अशीच विशेषणे लावली गेली. म्हणून एखाद्या गोष्टीला ‘सवंग’ म्हणताना आपण तिचा दर्जा मोजतो आहोत की ती ज्यांना आवडते त्या माणसांची पायरी, हे आधी तपासावे.

शेवटी ‘बहुजन’ हा शब्द. तो पाली वाङ्मयात आहे. भिक्खूंना चारिकेला पाठवताना तथागतांनी पुष्कळांचे हित आणि सुख हा हेतू सांगितला. पुष्कळांची पसंती हा हेतू सांगितला नाही. कालामांनाही त्यांनी हेच शिकवले, की परंपरेने चालत आले किंवा ऐकिवात आले एवढ्यावर काही स्वीकारू नये. त्यातून हित होते की अहित, हे स्वतः पाहावे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ती कृती त्या काळच्या बहुसंख्य समाजाला मुळीच प्रिय नव्हती. सत्याग्रहींना मारही खावा लागला. त्या दिवशी मतांची मोजणी झाली असती, तर तळे बंदच राहिले असते. आज आपण त्या कृतीला ‘युगप्रवर्तक’ म्हणतो, आणि योग्य शब्द तोच आहे.

म्हणून विशेषण लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाला आवडते? किती काळ आवडत आले आहे? आणि यातून कोणाचे हित होते? पहिल्याचे उत्तर ‘पुष्कळांना’ असेल, तर ‘लोकप्रिय’ पुरे. दुसऱ्याचे उत्तर ‘पिढ्यानपिढ्या’ असेल, तर ‘चिरपरिचित’ किंवा ‘अजरामर’ यांचा विचार करावा. तिसऱ्याचे उत्तर ‘बहुजनांचे’ असेल, तर ‘लोकहितकारी’ हा शब्द निःशंकपणे लिहावा.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच आहे, की घरातील मूल एखादे गाणे, चित्रपट वा पुढारी ‘सगळ्यांना आवडतो’ असे म्हणेल, तेव्हा त्याला हा तिसरा प्रश्न अवश्य विचारावा. शब्द नेमका निवडण्याची सवय लागली की विचारही नेमका होऊ लागतो.