रिळाची बैठक
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

बीडचे नाव काढले की समोरचा माणूस आधी दुष्काळ म्हणतो आणि मग ऊसतोड. मासे कुणी म्हणत नाही. पण सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे, मांजरेवर धनेगावचे आहे, आणि पाणी असेल त्या साली कटला, रोहू, मरळ, वाम सगळे मिळते. (२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या साली गळ कोण टाकणार!)

माझे चुलते, तात्या, माजलगावच्या धरणाकाठी गळ टाकून बसतात. ऊसतोडीला असताना कोयता लागला, तेव्हापासून उजव्या हाताची शेवटची दोन बोटे मिटत नाहीत. जाळे ओढणे त्यांना होत नाही. बांबूच्या काठीला दोरी तेवढीच, काठीएवढी. मोठा मासा पळाला की सोडायला दोरी नाही, दोरी तुटते. म्हणून रिळाचा रॉड हवा. बाजारातला तयार रॉड आणून दिला तर त्याची मूठ आखूड. बोटांत जोर नसल्यामुळे मागची दांडी कोपरापर्यंत हाताला टेकली पाहिजे. मग म्हटले, आपण मेकॅनिकलला आहोत, आपणच करू. स्कॉलरशिपच्या पैशातून सुटे सामान मागवले.

रॉडचे भाग थोडेच असतात. मधली पोकळ निमुळती फायबरची काठी म्हणजे ब्लँक. तिच्यावर दोरी ओवायच्या कड्या, मागे मूठ आणि मुठीपुढे रीळ बसवायची नळी. या नळीला रील सीट म्हणतात. मी तिला बैठक म्हणतो. तिच्या एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या टोकाला सरकणारी टोपी आणि नट. रिळाचा पाय दोन टोप्यांच्या मध्ये ठेवून नट आवळायचा. ब्लँक बैठकीतून आरपार जाते. घोळ इथेच आहे, कारण बैठकीचे भोक ब्लँकपेक्षा नेहमी मोठे असते. व्हर्नियरने मोजले तर माझ्या बैठकीचे भोक १७.५ मिमी भरले आणि ब्लँक त्या जागी साधारण १२.६. मधली पोकळी कशाने तरी भरावी लागते.

मी काय केले असेल? लेथवर नायलॉनचा बुश काढला. वर्कशॉपमध्ये तुकडा पडलेलाच होता. आतून बाहेरून असा मापात, की हातोडीच्या मुठीने दोन टोले दिल्यावरच बसला. अ‍ॅराल्डाइट लावून ठोकला, दोस्तांना दाखवला, सगळे खूश.

दिवाळीच्या सुट्टीत तात्यांना घेऊन धरणावर गेलो. (तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो. आधी विचारून बसावे, नाहीतर भांडण ठरलेले.) दुपारी तीनच्या सुमाराला मासा लागला आणि चांगला लागला. तात्यांनी रॉड उचलला, माशाने बाजूला ओढ घेतली आणि रीळ खालून फिरून हाताच्या आडवे आले. "फिरायलंय की रं हे!" एवढेच ते म्हणाले. दोन बोटांच्या हाताने त्यांना ते सावरता आले नाही. दोरी कडीत अडकली, तुटली. मला रागावले नाहीत. संध्याकाळी बांबूची काठी काढून बसले. ते मला जास्त लागले.

हॉस्टेलवर आल्यावर बैठक हाताने पिळली तर बुशासकट निघून आली. बुशावरचा गोंद काचेच्या पापुद्र्यासारखा अख्खा सुटला. तेव्हा तीन गोष्टी कळल्या. एक, गुळगुळीत नायलॉनला इपॉक्सी नीट धरत नाही. दोन, ब्लँक निमुळती आणि माझा बुश सरळ, म्हणजे तो फक्त जाड टोकाला टेकला होता, पुढे अधांतरी. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फिट इतका घट्ट होता की ठोकताना गोंद सगळा खरवडून बाहेर आला. आपल्याला फिटिंग शॉपमध्ये पहिल्या दिवसापासून घट्ट बसवायला शिकवतात. चिकटवायच्या जोडात मात्र गोंदाला जागा लागते. दोन्ही बाजूंना दशांश मिलिमीटरची फट आणि खरबरीत पृष्ठभाग हवा.

दुसऱ्या वेळी मास्किंग टेप घेतला. रॉड करणारे लोक पूर्वीपासून हेच करतात. पण अख्ख्या लांबीवर टेप गुंडाळला तर पुन्हा तीच चूक, कारण गोंद मग टेपला चिकटतो आणि ब्लँकला फक्त टेपचा रबरी डिंक धरून राहतो. तो डिंक आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ताणाखाली हळूहळू सरकतो. म्हणून टेपचे पट्टे करायचे. १०० मिमी लांब बैठकीत १२ मिमीचे पाच पट्टे आणि मध्ये १० मिमीच्या चार मोकळ्या जागा. मोकळ्या जागेत गोंद थेट ब्लँकला आणि बैठकीला धरतो. पट्ट्यांचे काम फक्त बैठक मधोमध ठेवणे.

वेढे किती? माझा टेप ०.१३ मिमी जाडीचा. ब्लँक मागे १२.९, पुढे १२.४. मागे फट २.३ मिमी, त्यातली ०.१ गोंदाला सोडली तर १७ वेढे. पुढे १९, मधल्या पट्ट्यांना १७ ते १९. निमुळतेपणाचा हिशेब असा वेढ्यांत बसतो. पोकळी याहून बरीच मोठी असेल तर टेपच्या नादी न लागता बुचाचा किंवा कडक फोमचा बुश घ्यावा.

जोर पुरेल का, हेही काढून पाहिले. रिळाला बाजूने २० न्यूटन जोर आणि अंतर ८० मिमी धरले तर पीळ १६०० न्यूटन-मिमी. गोंदाची थेट पकड ४० मिमी लांब, त्रिज्या ६.३. कातर ताण ०.१६ मेगापास्कलच्या आसपास येतो. चांगल्या इपॉक्सीची ताकद याच्या कितीतरी पट असते. म्हणजे गोंद कधीच कमी पडला नव्हता, त्याला धरायला काही दिले नव्हते.

आता कृती. ब्लँकचा चकाकता थर आणि बैठकीची आतली बाजू पॉलिश पेपरने घासायची. ब्लँक हलक्या हाताने, धागे कापले जाऊ नयेत. आणि नाकाला रुमाल, कारण फायबरची धूळ वाईट. मग स्पिरिटने पुसायचे, परत बोट लावायचे नाही. गोंदाशिवाय सगळे एकदा बसवून, रीळ लावून पाहायचे. मागची मूठ आधी बसलेली हवी, कारण बैठक पुढच्या बारीक टोकाकडून येते. पाच मिनिटांचा इपॉक्सी घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात तो अर्ध्या वाटेवरच घट्ट होतो. सावकाश वाळणारा घ्यावा, पॅकवरच्या प्रमाणात. हार्डनर जास्त घातला की पक्का होतो हा गैरसमज आहे, उलट जोड कच्चा राहतो. मोकळ्या जागा काठोकाठ भरायच्या, नळीतही आतून पातळ हात द्यायचा आणि बैठक गोल फिरवत सरकवायची. बाहेर आलेला गोंद लगेच पुसायचा. आट्यांत किंवा सरकत्या टोपीत गेला तर नट जन्माचा बसला! रीळ लावून ब्लँकच्या रेषेत डोळा लावून सरळ करायचे, रीळ काढायचे आणि रॉड आडवा ठेवून पहिला तासभर अधूनमधून फिरवायचा. मग २४ तास हात लावायचा नाही. कड्या नंतर बैठकीच्या रेषेतच बांधायच्या.

पावसाळ्यानंतर रॉड तात्यांना दिला. त्यांनी चांगल्या हाताने रीळ धरून जोरात पिळले, माझ्याकडे पाहिले, परत पिळले. हलले नाही. मग काठावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मागून कोपराला टोचायलंय." मी माप त्यांना उभे करून घेतले होते. ते बसतात मांडी घालून, कोपर गुडघ्यावर टेकवून. हॅक्सॉने मागून तीन सेंटीमीटर कापले आणि टोकाला रबरी बूच बसवले.