पाठाची पूर्वतयारी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकास एकाच वेळी दोन वर्ग सांभाळावे लागतात. तिसरीस गणिते घालून चौथीकडे वळावे, तोच मागे गलका सुरू होतो. अशा शाळेत पाठटाचण काढण्यास व निरनिराळ्या कुवतीच्या मुलांसाठी प्रश्न रचण्यास निवांत वेळ मिळणे कठीण. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले. पुढे तशी इतर साधनेही भ्रमणध्वनीवरून मराठीत उत्तरे देऊ लागली. आपल्यापैकी कोणी त्यांचे साहाय्य घेतले तर त्यात नवल नाही. साधन वापरावे की नाही, हा वाद येथे घालावयाचा नाही. ते कोठे उपयोगी पडते व कोठे फसवते, एवढे एका पाठाच्या आधारे पाहू.

पाठ आहे ‘आपली पूर्णा नदी’. शिक्षकाने साधनास एवढेच विचारले, की “पूर्णा नदीची माहिती द्या.” आता आपली पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीस मिळते. परंतु दुसरी एक पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा म्हणविते, आणि येलदरी धरणापुढे जाऊन गोदावरीस मिळते. गुजरातेत नवसारीकडे वाहणारी तिसरीही आहे. साधनाने उगम एकीचा आणि धरण दुसरीचे सांगितले, तरी त्याची भाषा तितकीच शुद्ध व ठाम राहील; आणि फळ्यावर लिहिलेले मुले जसेच्या तसे वहीत उतरवितात.

असे का व्हावे? हे साधन मुळात पुस्तक उघडून पाहत नाही. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो हे ते शिकलेले असते, व त्या सवयीने वाक्ये जुळविते. काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन आधारही दाखवितात. तो आधार स्वतः उघडून वाचावा. इंग्रजी मजकूर त्यांना विपुल मिळाला, मराठी त्या मानाने थोडा, आणि आपल्या खेड्यांविषयीचा तर अगदीच तुटपुंजा. म्हणून अपूर्णांकांच्या पाठात ते जितके विश्वसनीय, तितके गावच्या नदीविषयी नव्हे. अर्थात गणिताची उत्तरेही एकदा पडताळून घेणे बरे.

प्रश्न असा घालावा : पाठ्यपुस्तकातील किंवा जिल्हा गॅझेटिअरमधील उतारा आपणच साधनास द्यावा आणि सांगावे, “या मजकुरापलीकडे काही घालू नका, चौथीच्या मुलांसाठी दहा लहान वाक्ये करा, पाच सोपे व तीन विचार करावयास लावणारे प्रश्न द्या.” येथे साधन खरोखर कामास येते. माहिती आपली, मांडणी त्याची. घटकाभराचे लेखन काही क्षणांत होते, व उरलेला वेळ मागे पडलेल्या मुलांस देता येतो.

तरीही तपासणी हवीच. नदीकाठच्या शेतीविषयी लिहिताना साधन सहज लिहून जाईल, की शेतकरी विहिरीच्या पाण्यावर बागायत करतात. दर्यापूरकडील मूल हे ऐकून चकित होईल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असते, हे त्याने चाखून पाहिलेले आहे. असे वाक्य आढळल्यास ते मुलांपुढेच ठेवून “यात चूक कोणती?” असे विचारावे. पाठ त्याने रंगतो, असे आमचे मत आहे.

मुलांची नावे, आधार क्रमांक, आजार किंवा घरची परिस्थिती या साधनांत कधीही लिहू नये. प्रगतिपत्रकातील शेरे लिहिताना हा मोह विशेष होतो. मुलांच्या माहितीस २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने विशेष जपणूक दिली आहे.

धारणी व चिखलदरा तालुक्यांतील शिक्षकांची अडचण निराळी आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. तिचा लिखित मजकूर फार थोडा असल्याने साधन कोरकू शब्द म्हणून भलतेच काही पुढे करण्याचा संभव मोठा, आणि शिक्षक स्वतः मराठीभाषक असल्यास ती चूक त्याच्याही ध्यानी येणार नाही. पहिलीतील मुलाला मात्र गुरुजी आपल्या भाषेत काहीतरी अनोळखी बोलत आहेत, एवढेच कळेल. तेव्हा चित्रांच्या पट्ट्यांसाठी घर, शेत, जंगल यांतील वस्तूंची मराठी यादी साधनाकडून करून घ्यावी, आणि कोरकू शब्दांचा रकाना रिकामा ठेवून तो मुलांच्या आईबापांकडून व आजीकडून भरून घ्यावा.