साहेबांना सांगावं का?

मला एडीएचडी आहे, हे वयाच्या 34व्या वर्षी कळलं. नांदगाव खंडेश्वरच्या एका पतसंस्थेत मी काउंटर आणि रोजकीर्द सांभाळते. अमरावतीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं आणि औषधांच्याही आधी नोकरीचा प्रश्न उभा राहिला. संस्थेत सांगायचं की नाही? या विषयावरचे जे सल्ले वाचायला मिळाले, ते मोठ्या शहरांतल्या कंपन्यांपुरते होते. तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

1. इथे ऑफिसात सांगणं म्हणजे गावात सांगणं.

आमच्या व्यवस्थापकांच्या घरच्या आणि माझी जाऊ एकाच बचत गटात आहेत. संचालकांपैकी एकजण सासऱ्यांचे वर्गमित्र. सोयाबीन विकून आलेला शेतकरी काउंटरवर नोटांची थप्पी ठेवतो तो मोजणाऱ्या माणसाच्या भरवशावर. ‘त्या बाईंना डोक्याच्या गोळ्या चालू आहेत’ एवढं एक वाक्य त्या भरवशाला पुरे होतं. आमच्या भागात मानसोपचार म्हटलं की अजूनही लोकांना नागपूरचं मनोरुग्णालयच आठवतं. आई म्हणाली, “कोनाले सांगू नको वं बाई. लहानीचं लग्न व्हायचं हाय अजून.”

मला तिचा राग आला नाही. याच अमरावती जिल्ह्यात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना 1946 साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारावं लागलं, कारण आजाराचं नाव कळलं की माणसाला घर उरत नव्हतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं; ते निघालं 2019 साली. ज्या मुलखाने हे पाहिलं आहे, तिथल्या आईची भीती अडाणी म्हणता येत नाही. म्हणून कुणी लपवत असेल, तर त्याला भित्रं म्हणू नये. घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय ऑफिसात बोलू नये, हेही मी यातूनच शिकले.

2. आजाराचं नाव नंतर, आधी गरज.

मला या सगळ्यात सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

निदान झाल्यावर मी आठवडाभर कामावर बारीक लक्ष ठेवलं. नेमकं कुठे अडतं? नोटा मोजण्यात अडत नव्हतं, व्याजाच्या हिशेबातही नाही. अडत होतं ते दुपारी कॅश जुळवताना. नेमक्या त्याच वेळी दैनिक ठेवीचे एजंट भरणा घेऊन येतात, कुणी पासबुक पुढे करतं, कुणी वारसाची नोंद विचारतं. एकदा तुटलेला धागा मला पुन्हा सापडायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो. दुसरी अडचण तोंडी सूचनांची. दारातून जाता जाता सांगितलेली तीन कामं माझ्यापर्यंत एक होऊन पोचतात. तिसरी मार्चमधली: थकबाकीच्या नोटिसांचा गठ्ठा एकदम समोर आला की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

मग व्यवस्थापकांकडे तीन मागण्या घेऊन गेले. कॅश जुळेपर्यंत एजंटांचा भरणा दुसऱ्या टेबलावर घ्यावा. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्याव्यात. नोटिसा गावनिहाय वाटून प्रत्येक गावाला तारीख द्यावी. कारण एवढंच सांगितलं, की असं झालं तर चुका कमी होतील आणि कॅश लवकर बंद होईल. ते म्हणाले, “मॅडम, एवढंच पाह्यजे होतं तर आधीच सांगाचं ना.”

एडीएचडी हा शब्द त्या दिवशी निघालाच नाही. नव्या पद्धतीने बाकीच्यांचंही काम सोपं झालं, त्यामुळे कुणाला ती सवलत वाटली नाही. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो असं माझं मत आहे. मात्र जिथे साधी विनंतीसुद्धा ‘नखरे’ ठरते, तिथे हा मार्ग चालत नाही, हेही खरं.

3. कायदा आहे तेवढाच धरून चालावं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे; एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांना एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमताही आहे, त्यांनी त्या बाजूने प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी. नोकरीत भेदभाव करू नये, वाजवी सोयी द्याव्यात, हे कलम 20 सरकारी आस्थापनांना बांधतं. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते सविस्तर हवं आणि संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. आमच्यासारख्या चार टेबलांच्या संस्थेत यातलं फार काही हाती लागत नाही. ‘कायदा माझ्या बाजूने आहे’ असं म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी आपली संस्था कुठे बसते ते पाहावं.

4. फाइल दाखवू नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. अमरावतीला तपासणीसाठी जायचं तर रजेच्या अर्जात ‘वैद्यकीय उपचारासाठी’ एवढं पुरतं. औषधांची नावं तर मुळीच देऊ नयेत. मिथाइलफेनिडेट हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीने ते पूर्ण कायदेशीर आहे, पण कुणीतरी मोबाइलवर नाव शोधलं की भलताच बोभाटा होतो.

5. मुलाखतीत नको.

पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या मावसभावाने नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर, रुजू झाल्यावर, मनुष्यबळ विभागाला आपलं निदान लेखी कळवलं. त्याच्या कंपनीत त्यासाठी ठरलेली पद्धत होती, त्याला बसायला शांत जागा मिळाली. तिथे सांगणं योग्यच होतं.

6. नोटीस आली तर मात्र गप्प राहू नये.

केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या रविंदर कुमार धारीवाल या अधिकाऱ्याचा खटला मी मुद्दाम वाचला. त्यांना मंत्रचळ आणि नैराश्य होतं, आणि वागणुकीवरून खातेनिहाय चौकशी लागली होती. 17 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कारवाईमागच्या कारणांपैकी एक कारण जरी मानसिक दिव्यांगत्व असेल, तरी अशी कारवाई भेदभाव ठरू शकते. ते सरकारी दल होतं आणि आजार वेगळे होते, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असं नाही. पण मेमोला उत्तर देताना निदानाचा उल्लेख, तारखेसह आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह, कागदावर आला पाहिजे. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. त्या उत्तराची पोच घ्यावी.

7. सांगायचंच तर एकाच माणसाला, आणि ज्याच्या हातात काही आहे त्यालाच.

वर्षभराने मी व्यवस्थापकांना नाव सांगितलं. मला वसुलीला फिरतीवर पाठवायचं चाललं होतं, आणि गाडी चालवत पापळ, मंगरूळ चव्हाळा अशी गावं करत रोजचा हिशेब डोक्यात ठेवणं मला झेपणारं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं नाही. ती जवळची आहे, पण माझं काम बदलणं तिच्या हातात नाही. साहेबांना म्हटलं, हे लहानपणापासून आहे, इतकी वर्षं तुम्ही पाहिलेलं माझं सगळं काम हे असतानाच झालं आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “संचालकांले सांगाचं हाय काय?” मी नको म्हटलं. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी ते पाळलं आहे.

8. निर्णयाआधी कुणाशी तरी मोकळं बोलावं, आणि ते ओळखीचं नसावं.

10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा क्रमांक सुरू आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं तर अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. साहेबांपुढे काय बोलायचं, ते मी आधी कागदावर लिहून डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी त्यातली अर्धी वाक्यं खोडली. सगळी माफी मागणारी होती.