थोरांची चरित्रे आणि तात्पर्यनिर्णय

ग्रंथाचे तात्पर्य एका सुट्या वाक्यावरून ठरवू नये, असा शास्त्राचा दंडक आहे. त्यासाठी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितल्या आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. पाठशाळेत आम्ही ती उपनिषदांना लावावयास शिकलो. या पाठात ती थोर पुरुषांच्या चरित्रांना लावून पाहू. कारण असे की, शस्त्राच्या मार्गाने जाणाऱ्या कित्येक टोळ्या थोरांचे नाव पुढे करून घराघरांतील पोरे ओढून नेतात. पोराच्या हाती सबंध चरित्र नसतेच. मोबाईलवर आलेले एक चित्र आणि त्याखाली एक वाक्य, एवढ्यावर त्याचे रक्त तापते.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. तुकोबारायांच्या एका अभंगात नाठाळाच्या डोक्यावर काठी घालण्याची भाषा येते. तेवढा चरण फलकावर, गाडीच्या काचेवर, मिरवणुकीत, सर्वत्र दिसतो. अहो, पण त्या अभंगाचा उपक्रम कशाने आहे? विष्णुदासांच्या मेणासारख्या मऊपणाने. उपसंहार कशाने आहे? आम्ही अवघे गोडच आहोत, या भावाने. मध्ये वज्राचा कठीणपणा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या चरणात काठी आहे, त्याच चरणात भल्या माणसाला अंगावरचे शेवटचे वस्त्रही देऊन टाकण्याची तयारी आहे. ते अर्धे फलकावर कोणी लिहीत नाही! पाइकीच्या अभंगांचीही हीच गत. तेथे पाईक म्हणजे स्वामीशी एकनिष्ठ असलेला भक्त. पण नुसता ‘पाईक’ शब्द उचलला की लढाईचे बोलावणे तयार.

आता भगतसिंगांचे पाहा. गडचिरोलीपासून बस्तरपर्यंतच्या दंडकारण्यात माओवाद्यांनी वर्षानुवर्षे भगतसिंगांचे नाव घेतले, आणि १९१० च्या भूमकाल उठावाचा नायक गुंडाधूर याचेही. त्यांचे चेतना नाट्य मंच नावाचे पथक गावोगाव गोंडी गाणी म्हणे, नाचे. चाल लोकांची, शब्द पक्षाचे. चालीचे सामर्थ्य काय असते, हे टाळकऱ्याला निराळे सांगावयास नको; पोरगे गाण्यामागून जाते आणि बंदुकीपाशी पोहोचते.

भगतसिंगांच्या चरित्राचा उपक्रम पिस्तुलाचा आहे, खरे. १९२८ साली लाहोरास साँडर्सचा वध झाला. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकला, तोही कोणी मरू नये अशा बेताने. पुढे तुरुंगात काय? कैद्यांना माणसासारखे वागवावे म्हणून दीर्घ उपोषण, आणि वाचन, सारखे वाचन. याला अभ्यास म्हणतात. आणि उपसंहार? २ फेब्रुवारी १९३१ रोजी, फाशीच्या अवघे काही आठवडे आधी, तरुण कार्यकर्त्यांसाठी त्यांनी मजकूर लिहिला. त्यात ते स्पष्ट म्हणतात की, आपण दहशतवादी नाही; आरंभीचा काळ सोडला तर कधी नव्हतोही; त्या मार्गाने काही साधेल असे आपल्याला वाटत नाही; शेतकरी-कामकऱ्यांत जाऊन काम करावे. पिस्तूल घेतलेले चित्र सर्वत्र आणि हा मजकूर कोठेच नाही, असे का व्हावे?

येथे एक सांगितले पाहिजे. भगतसिंग ईश्वर मानीत नव्हते, आणि समाजवादी विचारांचे होते. आम्ही कीर्तनात हे गाळले तर आम्हीही तीच चोरी केली.

फल हेही एक लिंग आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने वावरणाऱ्या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चाळीस-चाळीस वर्षे रानात गेली. त्यांच्या गाण्यांमागून गेलेली कित्येक पोरे मात्र परत आली नाहीत.

दुसरी गोष्ट यात्रेकरूंनी विशेष लक्षात घ्यावी. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले, ते यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर, पवित्र स्थानांच्या दर्शनास म्हणून. तेथून जथा सोडून ते इसिसला जाऊन मिळाले. पुढच्याच महिन्यात त्या टोळीच्या म्होरक्याने स्वतःस खलिफा म्हणविले. त्याने धारण केलेले नाव होते अबू बक्र, पहिल्या खलिफाचे! त्या पहिल्या अबू बक्रांनी सैन्य पाठविताना बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, मठातल्या साधूंना त्रास देऊ नका, असे बजावले, हे इस्लामी परंपराच सांगते. नाव घेतले आणि आज्ञा टाकली. याला उपपत्ति लागत नाही.

आपल्याकडेही असे घडते. सावरकरांनी १९०४ साली नाशकात अभिनव भारत ही गुप्त संस्था उभारली आणि १९५२ साली पुण्यात तिचा स्वतःच्या हाताने सांगता-समारंभ केला. देश स्वतंत्र झाल्यावर गुप्त सशस्त्र संस्थेचे काम संपले, म्हणून. तेच नाव २००६ साली पुन्हा एका संघटनेने घेतले. मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ते गाजले. त्या खटल्यातील सर्व सातही आरोपींना न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले, तेव्हा खटल्याविषयी आम्ही काही म्हणत नाही. नावाविषयी म्हणतो. ज्याची संस्था त्यानेच उपसंहार केला होता.

मग कीर्तनकाराने काय करावे? प्रकाशास तापी-गोमाईच्या संगमावर जमणाऱ्या मंडळींत सातपुड्याकडची पोरेही असतात. त्यांना वीराचे चरित्र पाहिजेच. ते आपण दिले नाही तर दुसरा कोणी देईल. येथून जवळच, नंदुरबारला, ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा गोळी लागून पडला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हेही गेले. शिरीषकुमारच्या हातात तिरंगा होता. हे सांगताना ‘हातात काय होते?’ असा प्रश्न पोरांनाच टाकावा, आणि उत्तर येईपर्यंत टाळ थांबवावा.

घरच्यांनीही पोराच्या मोबाईलवर थोराचे वाक्य दिसले तर एकदम रागावू नये. जवळ बसून विचारावे: बाळा, हे कधीचे? याच्या आधी काय झाले, पुढे काय झाले? हे पाठविणारा कोण, आणि तुझ्याकडून त्याला काय पाहिजे?

अर्थवादाचा, म्हणजे स्तुतीच्या भरात सांगितलेल्या गोष्टींचा, विचार मोठा आहे. बखरी आणि पोवाडे घेऊन तो पुढील अंकी करू.