दमावंद

ज्वालामुखीला उर्दूत आतिशफिशाँ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. आतिश म्हणजे आग. मग आगीच्या पर्वतावर भर उन्हाळ्यातही बर्फ कसा असेल? इराण देशात असा एक पर्वत आहे. त्याचे नाव दमावंद.

इराणच्या उत्तरेला एल्बुर्ज पर्वतरांग आहे. तिच्या पलीकडे कॅस्पियन समुद्र आणि अलीकडे तेहरान हे राजधानीचे शहर. तेहरानच्या ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर दमावंद उभा आहे. त्याची उंची सुमारे ५,६०० मीटर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. तशी तीन शिखरे एकावर एक ठेवली, तरी दमावंदच उंच ठरेल! आशियातील सर्वांत उंच ज्वालामुखी म्हणून तो ओळखला जातो.

आपल्या सह्याद्रीचा काळा खडकही लाव्हारसाचाच आहे. मग सह्याद्री असा शंकूसारखा का नाही? आपल्याकडचा लाव्हारस पातळ होता. जमिनीच्या लांब भेगांतून तो बाहेर पडला आणि दूरवर पसरला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दमावंदचा लाव्हारस घट्ट होता. तो मुखाजवळच थरावर थर साचत गेला.

दमावंदचा शेवटचा उद्रेक सुमारे ७,००० वर्षांपूर्वी झाला. मग तो मेला का? नाही. शिखराजवळच्या भेगांतून आजही गंधकाची वाफ निघते. आधीच तेथे हवा विरळ, त्यात हा उग्र वास! गिर्यारोहक नाकातोंडाला रुमाल बांधूनच पुढे जातात. पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत. तेथील एका गावाचे नावच आब-ए-गर्म आहे. त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. उलट, वर दक्षिण उतारावर पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर आबशार-ए-यखी आहे. हा धबधबा उन्हाळ्यातही गोठलेला असतो. गरम पाणी आणि गोठलेला धबधबा, दोन्ही एकाच डोंगरावर!

फिरदौसी कवीच्या 'शाहनामा' या ग्रंथात दमावंदची गोष्ट आहे. जह्हाक नावाच्या जुलमी राजाच्या खांद्यांवर दोन साप होते. त्यांना रोज माणसांचा मेंदू खायला द्यावा लागे. कावा नावाच्या लोहाराची मुले अशीच बळी गेली. शेवटी तो उठला. आपले चामड्याचे वस्त्र भाल्याला बांधून त्याने निशाण केले आणि लोकांना गोळा केले. पुढे फरीदूनने जह्हाकला पकडून दमावंदच्या गुहेत साखळदंडांनी जखडले. गोष्टीतला जह्हाक मेलेला नाही, फक्त बांधलेला आहे. मला ही कल्पना फार आवडते, कारण पर्वताचेही तसेच आहे. शास्त्रज्ञ त्याला निद्रिस्त ज्वालामुखी म्हणतात.

हा पर्वत पुन्हा जागा झाला तर? केवळ आगीचेच भय नाही. माथ्यावरचा बर्फ एकदम वितळेल. राख, माती आणि दगड घेऊन ते पाणी खाली हराज नदीच्या खोऱ्यात धावेल. त्याच खोऱ्यातून तेहरानहून कॅस्पियन किनाऱ्याकडे जाणारा मोठा रस्ता आहे. वाटेत गावे आहेत आणि पुढे आमुल शहर आहे.

आज मात्र दमावंदच्या उतारांवर मेंढ्या चरतात. दक्षिणेकडून चढणारे लोक जेथून वाट धरतात, त्या जागेला गोसफंद-सरा म्हणतात, म्हणजे मेंढ्यांचे घर.