अंध व्यक्तींचे स्वयंपाक-शिक्षण : तव्यावरील पहिला धडा

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापिलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने येथे कारखाना उभारला. ऊसपट्ट्यातील अशा गावांत घरची कर्ती माणसे सकाळीच शेतावर किंवा कारखान्याच्या पाळीवर जातात. घरात अंध व्यक्ती असल्यास तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवली जाते. चुलीजवळ मात्र तिला येऊ दिले जात नाही. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु त्यामुळे धडधाकट हातांची व्यक्ती दोन घासांसाठी आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहते.

वस्तुतः तव्यावरील स्वयंपाकात डोळ्यांइतकेच काम हात, कान व नाक करीत असतात. ज्वारीचे पीठ भाकरीजोगे मळले गेले की नाही, हे हातालाच कळते. या जाणिवेला पद्धतशीर वळण दिल्यास अंध व्यक्ती धिरडे, धपाटे व पुढे भाकरीही स्वतः करू शकते.

आरंभ थंड तव्यावर

पहिला धडा शेगडी न पेटविताच द्यावा. ओटा, शेगडी, तव्याची कड व दांडा यांची जागा हाताने ओळखून घ्यावी. दांडा नेहमी एकाच दिशेस असावा व प्रत्येक वस्तू वापरानंतर जागच्या जागी ठेवावी. हा नियम घरातील डोळस माणसांनीही पाळणे अगत्याचे आहे. मिठाच्या डब्याला एक व साखरेच्या डब्याला दोन रबरी कडी लावल्यास ते स्पर्शाने ओळखता येतात. थंड तव्यावर शिळी पोळी ठेवून उलथण्याने ती उलटण्याचा सराव हात बसेपर्यंत करावा.

ताप, आवाज आणि वास

तवा तापला की नाही, हे पाण्याच्या दोन थेंबांनी कळते. तवा कोमट असल्यास थेंब निमूट पडून राहतात. पुरेसा तापला असल्यास तत्काळ चर्र असा आवाज येतो. मग चमच्याने मोजून तेल सोडावे. धिरड्याचे पीठ पळीने मोजून तव्याच्या मध्यभागी, अगदी जवळून घालावे व पळीच्या बुडाने तळहाताएवढे पसरावे. लहान धिरडे उलटण्यास सोपे जाते. त्यावर झाकण ठेवल्यास वरची बाजूही वाफेने घट्ट होते.

प्रारंभी येणारा चुरचुर आवाज हा पिठातील पाण्याची वाफ होत असल्याचा असतो. पाणी कमी होईल तसा तो मंदावतो, कच्च्या पिठाचा वास जातो व खमंग वास सुटतो. अशा वेळी उलथणे कडेने फिरवून पाहावे. धिरडे चिकटले तर ते अजून कच्चे आहे. सहज सरकले तर उलटण्याजोगे झाले आहे, असे समजावे. उलथणे मध्यापर्यंत सारून, तव्यालगतच, मनगटाने धिरडे उलटावे. ते हवेत उडविण्याची मुळीच गरज नाही. भीती वाटल्यास ते सपाट ताटलीत सरकवावे, वर दुसरी ताटली घालून दोन्ही एकत्र उलट्या कराव्यात आणि धिरडे पुन्हा तव्यावर सरकवावे.

दक्षता

पदर वा ओढणी खोचलेली असावी. काडीऐवजी लायटर वापरावा. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात व विजेच्या बटनांना हात लावू नये. विजेच्या शेगडीत ज्योत नसते. पण तिची सपाट बटने बोटांना कळत नाहीत. म्हणून उंचवट्याची बटने असलेली शेगडी निवडावी. हे शिक्षण मुलींप्रमाणे मुलांनाही द्यावे.

गावाची जबाबदारी

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिबाधित व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. २०१५–१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वाचे प्रमुख कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले. यास्तव वृद्धांची नेत्रतपासणी प्रथम करून घ्यावी. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येण्याजोगी असल्यास तो उपाय आधी व्हावा. ज्यांची दृष्टी परत येणार नाही, त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मान्य केला आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, अशी राज्यात तरतूद आहे. लायटर, झाकण व खुणा केलेले डबे यांचा खर्च अल्प असतो.

गावातील अंध व्यक्तींची नोंद ग्रामपंचायतीकडे असावी. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी त्यांच्या घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि अनुभवी अंध व्यक्तीस मार्गदर्शनासाठी बोलवावे. थंड तव्यावरील पहिल्या धड्याला तर काहीच खर्च लागत नाही. तो या आठवड्यातही देता येईल.