हिरवीगार भाजी व जमिनीतील जड धातू

शहराच्या सांडपाण्यावर वाढलेला पालक पुष्कळदा विहिरीच्या पाण्यावरील पालकापेक्षा अधिक तजेलदार दिसतो. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे पाने रुंद होतात व पिकास काळोखी येते. परंतु त्या पाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळत असल्यास कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त, निकेल हे जड धातूही जमिनीत साठत जातात. अशा वेळी पीक जोमदार आहे म्हणून जमीन निर्दोष आहे, असे समजणे धोक्याचे होय.

तांबे, जस्त व निकेल यांचा अतिरेक झाल्यास मुळे खुरटतात, कोवळी पाने पिवळी पडतात. खाणाऱ्यास अपाय होण्यापूर्वी बहुधा पीकच बसते. शिसे मातीच्या कणांस घट्ट चिकटून राहते व मुळांतून वर फारसे चढत नाही. पालेभाजीतील शिसे बरेचसे पानांवर बसलेल्या धुळीचे असते. भाजी दोन-तीन पाण्यांत धुतल्यास ते कमी होते.

कॅडमियमची गोष्ट निराळी आहे. मुळे ते सहज शोषून घेतात. वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे गंधकयुक्त पदार्थ त्यास जखडतात व पेशीतील पोकळीत कोंडून ठेवतात. यामुळे पिकास इजा होत नाही, पण धातू पानातच राहतो. तो धुऊन जात नाही. माणसाच्या मूत्रपिंडात साठलेल्या कॅडमियमपैकी निम्मे बाहेर पडण्यास १० ते ३० वर्षे लागतात. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातखाचरांत उतरून हाडे ठिसूळ करणारा 'इताई-इताई' रोग उद्भवला. तेथील सरकारने १९६८ साली हे कारण मान्य केले.

पालक व लेट्यूस ही पिके कॅडमियम अधिक साठवितात. वाटाणा व घेवडा यांच्या दाण्यांत ते तुलनेने कमी उतरते. म्हणून संशयित जमिनीत पालेभाजी घेऊ नये. आम्ल जमिनीत कॅडमियम अधिक मोकळे होते, त्यामुळे कोकणातील जांभ्या जमिनीत ही काळजी विशेष घ्यावी. माती-परीक्षणानुसार चुना व भरपूर कुजलेले शेणखत दिल्याने शोषण घटते, तथापि धातू जमिनीतून नाहीसा होत नाही.

पालेभाजीत दर किलोस ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही आंतरराष्ट्रीय अन्नमानकातील कमाल मर्यादा आहे. नेहमीच्या माती-परीक्षणात कॅडमियम मोजले जात नाही. यास्तव कार्यकर्त्यांनी माती, पाणी व भाजीचा खाण्याजोगा भाग असे तीन नमुने घ्यावेत आणि सोबतच्या चिठ्ठीत या धातूचे नाव स्पष्ट लिहावे.